खारपाणपट्ट्यातल्या बोअरचं पाणी आणि थव्याने राहणारे सिक्लिड

संपादक महोदय,
स. न.

आपल्या रविवार पुरवणीत घरातल्या मत्स्यालयाविषयी आलेला लेख वाचला. आता खेड्यातही बऱ्याच घरांत काचेची पेटी दिसते आणि तिच्याविषयी मराठीत नीट वाचायला फारसं मिळत नाही. म्हणून लेख छापल्याबद्दल आधी आभार. पण त्यातल्या दोन गोष्टी मला पटल्या नाहीत. सिक्लिड या परिवारातले मासे भांडखोर असतात, म्हणून ते एकटेच ठेवावेत, ही पहिली. खारपाणपट्ट्यातल्या, म्हणजे जमिनीखालचं पाणी खारं असलेल्या आमच्या भागातल्या, बोअरच्या पाण्यात मासे टिकत नाहीत, तिथल्या लोकांनी आरओचं पाणी वापरावं, ही दुसरी. हा सल्ला मानून आमच्या भागातला माणूस आरओच्या मशीनला पैसे घालेल आणि फ्लॉवरहॉर्न नावाच्या मोठ्या सिक्लिडाचं एक पिल्लू आणून दोन फुटी पेटीत कोंडेल. माणसाचे पैसे जातील आणि माशाचे हाल होतील. म्हणून हे पत्र.

तेल्हारा तालुक्यातल्या एका बाजाराच्या गावी माझं मोटार रिवायंडिंगचं दुकान आहे. आमच्या तालुक्याला दोन पाणी आहेत. सातपुड्याच्या पायथ्याला, हिवरखेडकडे, विहिरींना गोडं पाणी. तिकडच्या शेतकऱ्याची सबमर्सिबल खोलली की आतले भाग स्वच्छ निघतात. पूर्णा नदीकडे खाली उतरत गेलं की मोटारीच्या अंगावर पांढरा थर यायला लागतो, इम्पेलर खाल्लेले दिसतात, नटबोल्ट हातात तुटतात. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या गाळाच्या जमिनीखाली क्षार अडकून बसलेले आहेत. ते पाणी पिऊन किती घरांत किडनीचं दुखणं आलं हे इथल्या माणसाला सांगावं लागत नाही. आता वान धरणाचं पाणी पुष्कळ गावांच्या नळाला येतं, तरी ते रोज येतंच असं नाही. वापरायला बोअरच लागतं. माझ्या दुकानाच्या बोअरचा टीडीएस, म्हणजे एका लिटरात विरघळलेले क्षार किती मिलिग्रॅम तो आकडा, उन्हाळ्यात अडीच हजाराच्या आसपास जातो. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानकाची चांगली मर्यादा ५०० आहे आणि दुसरं पाणीच नसेल तर २००० पर्यंत चालवून घेतात. म्हणजे माझ्या बोअरचं पाणी माणसाच्या पोटात जाण्यालायक नाही.

पण समुद्राचं पाणी साधारण ३५,००० असतं. नदी समुद्राला मिळते तिथलं खाडीचं पाणी या दोहोंच्या मधलं, आणि त्या मचूळ पाण्यात पिढ्यान्‌पिढ्या राहणारा सिक्लिड आपल्याच देशात आहे. लेखात सिक्लिड म्हणजे आफ्रिका आणि दक्षिण अमेरिका एवढंच आलं. भारताचे स्वतःचे तीन सिक्लिड आहेत. पहिला, केरळचा करिमीन. केरळने २०१० मध्ये त्याला राज्यमासा म्हणून जाहीर केलं. दुसरा कर्नाटकातल्या नद्यांमधला, कॅनरा पर्लस्पॉट. आणि तिसरा सगळ्यांत लहान, ऑरेंज क्रोमाइड, ज्याला केरळात पल्लथी म्हणतात. १७९५ मध्ये ब्लॉख नावाच्या जर्मन डॉक्टराने शास्त्रासाठी त्याचं पहिलं वर्णन लिहिलं. या तिघांचे सर्वांत जवळचे नातेवाईक मादागास्करच्या बेटावर सापडतात, कारण कधीकाळी ती जमीन आणि आपली जमीन एकाच खंडाचा भाग होती. असा मासा आपल्या घरचा असताना आपण परदेशी माशामागे का लागतो, हे मला समजत नाही.

ऑरेंज क्रोमाइड तळहाताएवढाही होत नाही. आठ सेंटिमीटर झाला म्हणजे पुष्कळ. अंग चपटं, गोलसर, पिवळं-नारिंगी. त्यावर लालसर ठिपक्यांच्या रांगा आणि कुशीवर काळे डाग, त्यांतला मधला सर्वांत मोठा. अंगावर काळं काहीच नसलेली भगव्या सोन्याच्या रंगाची जातही पाळणाऱ्यांनी तयार केली आहे आणि दुकानात बहुधा तीच मिळते. मला मूळ रंगाचा जास्त आवडतो. तो पाणवनस्पतीतून वळतो तेव्हा ठिपके उजळतात आणि दुकानात बसलेला माणूस मोबाइल खाली ठेवून बघत राहतो.

आता भांडणाचं. माझ्या लेखी हीच गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे, कारण दुकानदारही उलटं सांगतात. दोन मासे मागितले की 'जोडी घेऊन जा' म्हणून पिशवीत बांधून देतात. ऑरेंज क्रोमाइडचे नर-मादी दिसायला सारखेच असतात. त्यामुळे जोडी म्हणून दिलेले दोन बहुतेक वेळा जोडी नसतातच. थव्यात राहणाऱ्या माशांत कोण वरचढ, कोण खालचा, हे ठरलेलं असतं. दोनच मासे असले की वरचढाचा सगळा राग त्या एकावर निघतो. तो कोपऱ्यात, फिल्टरमागे, पाण्याच्या वरच्या काठाशी जाऊन उभा राहतो, खात नाही, पर फाटतात आणि मरतो. मग माणूस म्हणतो, बघा, सिक्लिड भांडतातच. तीन ठेवले तरी तेच. आठ-दहा एकत्र ठेवले की टोचणी सगळ्यांत वाटली जाते, एकालाच सोसावी लागत नाही. थोडा पाठलाग होतो, पर पसरून एकमेकांना दाखवतात आणि पुन्हा सगळे एका दिशेने पोहायला लागतात. घाबरलेला एकटा मासा दिवसभर दगडामागे लपतो, तोच सोबत मिळाली की पेटीच्या मधोमध येतो. सहाच्या खाली हा मासा ठेवूच नये.

सगळेच सिक्लिड शांत असतात असं मी म्हणत नाही. हा फार मोठा परिवार आहे. ज्या एंजलला कोणी सिक्लिड म्हणून ओळखतच नाही, तोही यातलाच, अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातला. बाजाराच्या दिवशी टोपलीत येणारा तिलापियाही सिक्लिडच. आणि फ्लॉवरहॉर्न तर निसर्गात नाहीच. तो १९९० च्या दशकात मलेशियात मध्य अमेरिकेतल्या सिक्लिडांच्या संकरातून तयार झाला. त्याच्या कपाळाच्या उंचवट्यावर नशीब आहे असं मानून लोक त्याला दिशा बघून ठेवतात. कोणाच्या श्रद्धेवर मला बोलायचं नाही. पण फूटभर वाढणारा मासा दोन फुटी पेटीत ठेवला तर त्याला वळतासुद्धा येत नाही, एवढं तरी घेणाऱ्याला कोणी सांगावं. ज्याला नशिबासाठी मासा हवा आहे, त्याला निदान चार फुटी पेटीचा खर्च सांगितला पाहिजे.

आणखी एका शांत सिक्लिडाचं नाव घेतो, कारण सातपुड्याच्या पायथ्याचे किंवा काळ्या पाषाणाच्या भागातले वाचक विचारतील. त्यांचं बोअर खारं नाही, पण जड आहे, म्हणजे त्यात कॅल्शियमसारखे क्षार जास्त आहेत. आफ्रिकेतलं टांगानिका सरोवर बुरुंडी, काँगो, टांझानिया आणि झांबिया या चार देशांत मिळून आहे आणि बैकालनंतर जगातलं सर्वांत खोल सरोवर आहे, जवळजवळ १,४७० मीटर. तिथे सायप्रिक्रोमिस नावाचे निमुळते सिक्लिड हजारोंच्या थव्याने उघड्या पाण्यात फिरतात आणि तरंगणारे बारीक जीव टिपून खातात. मादी अंडी तोंडात धरते आणि पिल्लं बाहेर सोडेपर्यंत साधारण तीन आठवडे काही खात नाही. त्या सरोवराचं पाणी जड आणि अल्कधर्मी, पीएच (पाणी किती आम्ल किंवा अल्क ते सांगणारा आकडा, सात म्हणजे मधलं) नऊच्या जवळपास. जड पाण्याच्या बोअरवाल्याला तो शोभतो. पण त्याला चार फुटांची पेटी, दहा-बारा सोबती आणि वर घट्ट झाकण लागतं, कारण तो उडी मारतो. मिळतोही महाग. आमच्या खारपाणपट्ट्याला ऑरेंज क्रोमाइडच बरा.

आरओविषयी. घरगुती आरओ एक लिटर पाणी गाळताना दोन-तीन लिटर बाहेर टाकतं, आणि बोअर खारं असलं तर त्याहून जास्त. ज्या गावात उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते, तिथे माशांसाठी असं पाणी सांडणं मला बरोबर वाटत नाही. शिवाय आरओच्या नुसत्या पाण्यात क्षार जवळपास उरत नाहीत, त्यामुळे त्याचा पीएच आधाराशिवाय वर-खाली होतो. आमच्या बोअरच्या पाण्यात बायकार्बोनेट भरपूर असतात आणि ते पीएच धरून ठेवतात. टेट्रा, डिस्कस यांना हे पाणी सोसत नाही हे खरं. मॉली आणि ऑरेंज क्रोमाइड यांना सोसतं.

पण बोअर सुरू करून पाइप थेट पेटीत सोडायचा नाही. जमिनीतून आलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असतो. ड्रममध्ये भरून एअर पंप लावून एक रात्र ठेवावं. नळाचं पाणी असेल तर त्यातलं क्लोरीन निघून जायला तेवढाच वेळ द्यावा. शहरातल्या दुकानाच्या टाकीत साधं गोडं पाणी असतं, तिथून आणलेला मासा एकदम अडीच हजार टीडीएसमध्ये टाकला तर त्याला धक्का बसतो. पिशवीतलं पाणी बादलीत ओतून, सलाइनची नळी गाठ मारून थेंब-थेंब सोडावी आणि दोन-तीन तास लागू द्यावेत. आरओवाल्याकडे असतो तसा टीडीएसचा पेन थोडक्या पैशात येतो, तो घ्यावा. आणि खारपाणपट्टा म्हणजे सगळीकडे एकसारखं पाणी नाही. पलीकडच्या शिवारातलं बोअर माझ्यापेक्षा दुप्पट खारं निघतं. तिथे पावसाचं साठवलेलं पाणी मिसळून खाली आणावं.

आमच्याकडे पेटीतलं पाणी उन्हाळ्यात रोज बोटभर उडतं. पाणी उडतं, क्षार मागे राहतात. त्यावर पुन्हा बोअरचंच पाणी भरत गेलं तर महिन्याभरात पेटीतलं पाणी बोअरपेक्षा कितीतरी खारं होतं. काचेवर पांढरी रेघ दिसायला लागली की समजावं. म्हणून उडालेलं पाणी भरायचं ते नळाच्या किंवा पावसाच्या गोड्या पाण्याने, आणि आठवड्याला पाव हिस्सा बदलायचा तो बोअरच्या पाण्याने. हा एक नियम पाळला तर खारपाणपट्ट्यात मासे मरायचं मोठं कारण जातं.

दुसरं मोठं कारण अमोनिया. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून तो पाण्यात येतो. त्याचा विषारी भाग किती हे पीएचवर आणि उष्णतेवर ठरतं. २५ अंशाला, पीएच सात असताना शंभरात जेमतेम अर्धा भाग विषारी असतो, आठला पाचेक आणि नऊला तिसऱ्या हिश्श्याहून जास्त. आमचं पाणी आठच्या वरचं आणि उन्हाळा मे महिन्यात ४५ च्या वर नेणारा. म्हणजे पुण्या-मुंबईच्या पाण्यात जेवढं जादा खाणं पचून जातं, तेवढंच आमच्याकडे माशाला मारतं. नवी पेटी भरल्यावर फिल्टरमध्ये अमोनिया संपवणारे जिवाणू तयार व्हायला चार-सहा आठवडे लागतात, त्याआधी आठ मासे एकदम टाकू नयेत. कोणाकडे जुनी निरोगी पेटी असेल तर तिच्यातला वापरलेला स्पंज आणून आपल्या फिल्टरला लावावा, काम लवकर होतं. खाणं दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच. कडक उन्हाळ्यात तेही निम्मं करावं.

उष्णतेचं आणि विजेचं माझ्या धंद्यातलंच असल्याने थोडं जास्त सांगतो. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंशाला लिटरमागे नऊ मिलिग्रॅम, तर ३५ अंशाला सातच्याही खाली. आणि नेमकं तेव्हाच लोडशेडिंग. पेटीत सर्वांत आधी मासे नाही मरत, स्पंजमधले जिवाणू मरायला लागतात, आणि वीज आल्यावर अमोनिया चढतो. लोकांना वाटतं मासे कशाने मेले कळलंच नाही. इन्व्हर्टरवर घरातला पंखा घेतलात तर एअर पंपही घ्या, तो तीन-चार वॅटच खातो. इन्व्हर्टर नसेल तर फवारणी पंपाची जुनी बारा व्होल्टची बॅटरी आणि डीसीवर चालणारा एअर पंप एवढ्यात काम भागतं. वायर जोडण्याआधी फक्त बॅटरीची बाहेरची बाजू नीट धुऊन पुसून घ्यावी. दुपारी पाण्याच्या वर छोटा पंखा लावला तर पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं, कूलर ज्या तत्त्वावर चालतो त्याच तत्त्वावर. पेटी पश्चिमेच्या भिंतीला टेकवू नये. आमच्याकडे हीटरची गरज थंडीतल्या मोजक्या रात्रींनाच पडते.

फवारणी पंप म्हटलं तसं औषधाचंही सांगितलं पाहिजे. हा कपाशी-तुरीचा मुलूख आहे. सायपरमेथ्रीनसारखी औषधं माशांना अत्यंत जहाल असतात, पाण्यात दिसणारही नाही एवढ्या अंशाने मासे मरतात. शेतातून आलेला हात, त्याच ड्रमात कालवलेलं औषध, फवारणीचा मग, यातलं काहीही पेटीच्या पाण्याला लागू देऊ नये. पेटीची बादली वेगळी ठेवावी आणि तिच्यावर रंगाने खूण करावी. गावात डासांसाठी धुरळणी होते तेव्हा पेटीवर ओलं कापड टाकून एअर पंप तेवढा वेळ बंद करावा, कारण तो खोलीतली हवा ओढून पाण्यात सोडतो. आपल्या लेखात हे येणं गरजेचं होतं. शहरात लिहिणाऱ्याच्या लक्षात येत नाही, पण आमच्याकडे मासे याने मरतात.

पेटीचं माप विचाराल तर आठ क्रोमाइडांना तीन फूट लांब, सव्वा फूट रुंद, दीड फूट उंच पुरते. दीडशे लिटरच्या आसपास पाणी. खाली धुतलेली जाड रेती, थोडे चपटे दगड आणि फुटक्या कवेलूचे (कौलाचे) तुकडे. व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती या पाण्यात चांगली वाढते. कवेलू शोभेला नाही सांगत. जोडी जमली की ती कवेलूच्या पाठीवर, नाहीतर आतल्या बाजूला, बारीक देठावर चिकटलेली अंडी घालते. दोघांच्या पोटाखालचा भाग काळा पडतो आणि तेवढे दिवस ती जोडी बाकीच्यांना जवळ येऊ देत नाही. जागा पुरेशी असली तर बाकीचे दुसऱ्या टोकाला जाऊन राहतात, कोणी मरत नाही. आई आणि बाप दोघंही पाळीपाळीने पराने वारा घालतात. पिल्लं पोहायला लागली की आईबापाच्या अंगाला चिकटून त्यांच्या कातडीवरचा चिकट स्राव टोचून खातात.

हे बघायला माझ्या दुकानात माणसं थांबतात. मोटार बांधून व्हायला वेळ लागतो, शेतकरी बाकावर बसलेला असतो, डोक्यात पाण्याची पाळी, मजुरी, भाव. एकदा पूर्णाकाठचे एक म्हातारे बाबाजी बराच वेळ पेटीपुढे उभे होते. मला म्हणाले, "हे दोघंही पिल्लायले पाह्यतात का गा? मले वाटे मासोयी अंडे टाकून चालली जाते." मी त्यांना समजावून सांगितलं की काही मासे तसंच करतात, हे करत नाहीत. पुढच्या बाजाराला ते नातवाला घेऊन आले. ज्या पाण्याने त्यांच्या शेतातली संत्री वाळली, त्याच पाण्यात हे मासे पिल्लं वाढवतात, हे त्यांनी नातवाला स्वतः सांगितलं. आमच्या भागातल्या पोरांना आपल्या पाण्याविषयी फक्त वाईटच ऐकायला मिळतं. त्या पाण्याचं शास्त्र शिकवायला शाळेत अशी एक पेटी असावी, असं मला मनापासून वाटतं. टीडीएस, पीएच, अमोनिया, सगळं पोरांना डोळ्यांनी दिसेल.

एक कळकळीची विनंती वाचकांना. मासे नकोसे झाले, पिल्लं फार झाली, तर ती वानेत, पूर्णेत, शेततळ्यात किंवा विहिरीत सोडू नका. ऑरेंज क्रोमाइड भारताचा असला तरी तो दक्षिणेच्या किनाऱ्याकडचा आहे, आमच्या नद्यांचा नाही. तिलापिया १९५२ मध्ये आपल्या देशात आणला गेला आणि आज कुठल्या तलावात तो नाही ते शोधावं लागतं. वान तर मेळघाटच्या जंगलातून येते. तिच्यातल्या मूळ माशांवर आधीच कमी संकटं नाहीत.

आपल्याला विनंती अशी की पुढच्या वेळी या विषयावर लिहिताना नागपूरच्या मत्स्यविज्ञान महाविद्यालयातल्या एखाद्या जाणकाराकडून खारपाणपट्ट्यासाठी वेगळा मजकूर घ्यावा. गोड्या पाण्याच्या शहराचा सल्ला आमच्या तीन जिल्ह्यांना लागू पडत नाही. आणि 'एकटा ठेवावा' हे वाक्य कृपया दुरुस्त करून छापावं, कारण पेपरात छापलेलं लोक खरं मानतात.

आमच्या भागातल्या कोणाला आपल्या बोअरचं पाणी माशांना चालेल की नाही हे बघायचं असेल, तर त्याने स्वच्छ बाटलीत पाणी भरून बाजाराच्या दिवशी दुकानात यावं, टीडीएस आणि पीएच मोजून देईन, पैसे लागणार नाहीत. पेटी महिनाभर चाललेली असेल तर पिल्लंही देईन. जोडी मात्र मागू नये. आठच्या खाली मी देत नाही.

आपला नियमित वाचक,
एक मोटार रिवायंडिंग कारागीर,
ता. तेल्हारा, जि. अकोला